वॉटरबेस रंगाने गाडीला कँडी फिनिश: पेपर मारण्यापासून गन धुण्यापर्यंत

गाडीच्या रंगकामात ज्याला वॉटरबेस म्हणतात तो फक्त मधला थर असतो. खालचा एपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून जपणारा थर) आणि सरफेसर (बारीक खड्डे भरणारा थर), वरचा टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) हे बहुतेक ठिकाणी नेहमीचेच थिनरवाले. रंगाचा थर तेवढा पाण्यातला. पण सगळ्यात जास्त थिनर हवेत उडतो तो याच थरातून. जुन्या पद्धतीचा मेटॅलिक बेसकोट (हाच रंगाचा थर) गनमध्ये भरताना त्यात ८० टक्क्यांच्या आसपास सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखा उडून जाणारा द्रव, असतं. वॉटरबेसमध्ये ते १०-१५ टक्क्यांवर येतं. युरोपीय संघाने १ जानेवारी २००७ पासून गाडीदुरुस्तीच्या टॉपकोटला लिटरमागे ४२० ग्रॅम सॉल्व्हंटची मर्यादा घातली आणि तिथली गॅरेजं मुकाट्याने पाण्यावर आली. आपल्याकडे मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या बूथमध्ये (रंगकामाच्या बंद खोलीत) वॉटरबेस दिसतो, कोपऱ्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मात्र अजून थिनरवाला पीयूच (पॉलियुरेथेन).

हौशी, कस्टम कामाला हा रंग मला जास्त आवडतो, आणि त्याचं कारण पर्यावरण नाही. थर पातळ बसतात, त्यामुळे पट्ट्याची कड बोटाला कमी लागते. वरच्या कोटातलं थिनर खालच्या रंगाला चावत नाही. पाणी उडताना थर आकसतो आणि चांदीचे (खरं तर ॲल्युमिनियमचे, पण पेंटर त्या रंगाला चांदीच म्हणतात) कण आडवे पडतात, म्हणून मेटॅलिक स्वच्छ दिसतं. चार-पाच तास वाकून एअरब्रश चालवताना डोकंही धरत नाही.

अवघड आहे ते वाळवणं. ज्याला थिनरची सवय आहे त्याचा हात चांगला असतो, गन चांगली असते, तरी काम फसतं, कारण हवेकडे कुणी बघत नाही. हा लेख त्यामुळे रंगापेक्षा पाण्याबद्दलच जास्त आहे. उदाहरण म्हणून एक नेमकं काम घेऊ: पांढऱ्या हॅचबॅकचं बॉनेट आणि दोन्ही आरशांची कव्हरं कँडी लाल (चांदीरंगी थरावर चढवलेला पारदर्शक लाल) करायची, बॉनेटवर मधोमध दोन चांदीरंगी पट्टे सोडायचे.

कागदपत्रं आधी

बॉनेट-आरशांपुरतं काम आणि पूर्ण गाडीचा रंग बदलणं यात फरक आहे. आरसी बुकात रंग लिहिलेला असतो. मूळ रंगच बदलणार असाल तर आरटीओत अर्ज करून नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होतो. लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालत नाही, कितीही मोह झाला तरी.

काय काय लागेल

गन एचव्हीएलपी (कमी दाबाने भरपूर हवा सोडणारी) किंवा कमी दाबाची दुसरी, नोझल १.२ किंवा १.३ मिमी. आतला रंगाचा मार्ग आणि सुई स्टेनलेस स्टीलची हवी. साध्या लोखंडी भागांना पाण्याचा रंग गंज चढवतो. एचव्हीएलपी गनला मिनिटाला ३०० लिटरच्या वर हवा लागते. घरगुती एक एचपीचा कॉम्प्रेसर दोन हात (गनच्या फेऱ्या) मारल्यावर धापा टाकतो, मग दाब पडतो आणि चांदी ढगाळ बसते. एवढा मोठा कॉम्प्रेसर नसेल तर कमी हवा खाणारी मिनी गन घ्या आणि एका वेळी एकच भाग करा.

हवेच्या लाइनला तेल आणि पाणी पकडणारा फिल्टर लागतोच. ‘रंगातच पाणी आहे, मग लाइनमधल्या पाण्याने काय बिघडतं?’ असं एखादा पोरगा विचारतोच. बिघडतं ते त्या पाण्याबरोबर येणाऱ्या तेलाने. वॉटरबेसला तेलाचा थेंबही खपत नाही, लगेच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

रंग प्लास्टिकच्या कपात कालवा, पत्र्याच्या डब्यात नको. गाळणी नायलॉनच्या जाळीची आणि पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाची घ्या. थिनरसाठी मिळणाऱ्या स्वस्त कागदी गाळण्या ओल्या झाल्या की जोड सुटतो आणि जाळी कपात पडते. पातळ करायला त्या कंपनीचाच रिड्युसर वापरा. कंपनी पाण्याला परवानगी देत असेल तर डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी घ्या, बोअरचं तर अजिबात नको. प्रमाण साधारण १० ते ३० टक्क्यांमध्ये असतं. नेमका आकडा डब्याच्या तांत्रिक पत्रकात बघा. दोन कंपन्यांचे पदार्थ एकमेकांत मिसळू नका.

याशिवाय दोन स्वस्त वस्तू घ्या, ज्या आपल्याकडे सहसा कुणी घेत नाही: भिंतीवर लावायचा आर्द्रतामापक आणि लांबून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. त्यांचा उपयोग पुढे येतो.

पत्रा तयार करणं: पुट्टीवर पाणी नको

आपल्या गॅरेजांत पुट्टी भरली की बादली आणि वॉटर पेपर बाहेर येतो. धूळ उडत नाही, पेपर जास्त टिकतो, म्हणून सवय पडलेली. पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. वरून कोरडी दिसली तरी आत ओल राहते, पत्रा उघडा असेल तर खाली गंज धरतो, आणि सहा महिन्यांनी बॉनेट उन्हात तापलं की मोहरीएवढे फोड येतात. मग दोष रंगाला दिला जातो. वॉटरबेस करायचा असेल तर पुट्टी कोरडीच घासायची: ८०चा पेपर, मग १८०, मग २४० (आकडा मोठा तितका पेपर बारीक). धुळीसाठी व्हॅक्यूम जोडा, निदान तोंडाला चांगला मास्क तरी लावा.

उघड्या पत्र्यावर वॉटरबेस कधीही थेट मारू नये. डोळ्यादेखत तांबूस ठिपके येतात. उघड्या जागी आधी एपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के सरफेसरचे दोन-तीन कोट, आणि तो पूर्ण कडक झाल्यावर घासकाम. सरफेसरवर काळ्या पावडरचा किंवा काळ्या स्प्रेचा हलका गाइड कोट मारून ४००ने आणि मग ६००ने घासा. काळा ठिपका उरला म्हणजे तिथे खड्डा आहे. साध्या रंगाला ५०० चालून जातो. कँडीखाली मात्र ६०० ते ८००वर संपवा, कारण पारदर्शक रंग खालचा प्रत्येक ओरखडा भिंगाखाली धरल्यासारखा दाखवतो. जिथे जुना क्लिअर शाबूत आहे तिथे ८०० किंवा करड्या रंगाचा घासणी पॅड पुरे. चमक कुठेही उरता कामा नये, विशेषतः बॉनेटच्या कडेच्या घडीत आणि वॉशर नोझलच्या भोवती.

पुसायचं दोनदा, दोन वेगळ्या द्रवांनी. आधी सॉल्व्हंटवाला डिग्रीजर: डांबर, मेण, डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन त्याने जातं. नंतर पाण्यावर आधारित क्लीनर: घामाचे, बोटांचे खारे डाग थिनरने निघत नाहीत, ते याने निघतात. दोन्ही वेळा एका कापडाने ओलं करायचं आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने ते उडायच्या आत उचलायचं. यानंतर नायट्राइल हातमोज्याशिवाय बॉनेटला हात लावू नका आणि पाहुण्यांनाही लावू देऊ नका.

मास्किंग

रद्दीचा पेपर इथे चालत नाही. तो भिजतो, पाणी आरपार जातं आणि शाई खालच्या पांढऱ्या रंगावर उठते. प्लास्टिक फिल्म किंवा पाणी न शोषणारा मास्किंग पेपर लावा. बॉनेट काढून स्टँडवर घेता आलं तर फारच बरं. आरशांची कव्हरं काढून त्याच स्टँडला, बॉनेट ज्या कोनात आहे त्याच कोनात अडकवा. वेगवेगळ्या दिवशी मारलेली कँडी एकमेकांशी जुळत नाही.

नमुन्याची पट्टी

हे टाळायचा मोह होतो, कारण काम सुरू करायची घाई असते. पण कँडीत प्रत्येक कोटाला शेड गडद होते: दोन कोटांना गुलाबीकडे झुकणारी, चारला चेरी, सातला जवळपास मरून. तुम्हाला हवी असलेली शेड किती कोटांवर येते हे फक्त तुमची गन, तुमचा दाब आणि तुमचा हात सांगू शकतो. हातभर लांबीचा पत्रा किंवा जाड कार्ड घ्या, सगळ्यावर चांदी मारा, मग एकेक भाग झाकत कोट वाढवत न्या. अर्ध्या भागावर क्लिअर मारा, कारण क्लिअरशिवाय कँडी मळकट दिसते आणि शेडचा अंदाज चुकतो. पट्टी उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली निवडलेला लाल रंग रस्त्यावर भलताच निघतो.

कँडी घेताना ती पिगमेंटवाली (रंगाचे बारीक कण असलेली) आहे की डायवाली (विरघळलेल्या रंगाची) हे विचारून घ्या. डायची जास्त झळाळते, पण उन्हात लवकर उतरते आणि टेपखाली किंवा वरच्या थरात पाझरते. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी पारदर्शक पिगमेंटवालीच सुचवेन.

चांदीचा थर आणि त्याचं वाळणं

कँडीखालची चांदी बारीक कणांची घ्या. जाड कणांची चांदी ढगाळ बसली तर कँडी तो ढग लपवत नाही, उलट ठळक करते.

गनचा दाब इनलेटला (हवा आत येते तिथे) २ बारच्या आसपास, फवाऱ्याचा पंखा पूर्ण उघडा, पत्र्यापासून अंतर १५ ते १८ सेमी, प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्म्याहून जास्त चढलेला. पहिला कोट मध्यम. पूर्ण झाकायची घाई नको. तो एकसारखा मॅट झाल्यावर दुसरा, जरा भरून. तोही मॅट झाला की शेवटचा ड्रॉप कोट: दाब थोडा उतरवा, गन आणखी सात-आठ सेमी मागे घ्या आणि हलक्या हाताने फवारा खाली पडू द्या. चांदी एकसारखी होते ती या कोटाने.

आता वाळवणं. पाण्याची वाफ व्हायला थिनरपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते: एक किलो पाण्याला सुमारे २,२६० किलोज्यूल, टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटला त्याच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय थिनर उडायला हवेत किती बाष्प आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, पाण्याला असतं. जुलैत गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे वाळतात का, तेवढीच शक्यता दमट हवेत वॉटरबेस वाळायची. नुसता हॅलोजन लावून उपयोग नाही. वारा हवा, आणि तो कोरडा हवा.

सोयीची स्थिती म्हणजे २० ते २८ अंश तापमान आणि ४० ते ७० टक्के आर्द्रता. मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळ्यात आर्द्रता सहज ८५च्या वर असते. तिथे बंद खोलीत हवा तापवली तर मदत होते: ३० अंशांची ८५ टक्के दमट हवा ४० अंशांना नेली की तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली येते, आत आणखी बाष्प आलं नाही तर. म्हणून गरम हवा फिरवायची आणि ओली झालेली बाहेर काढायची. हे शक्य नसेल तर ऑक्टोबर संपेपर्यंत थांबा. उघड्या शेडमध्ये ऐन पावसात कँडी करणं म्हणजे पैसे पाण्यात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात उलटी तऱ्हा. हवा इतकी कोरडी आणि तापलेली की फवारा पत्र्यावर पोहोचेपर्यंतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे पहाटे काम करा आणि सावकाश सुकणारा रिड्युसर घ्या.

वारा द्यायला हातातले व्हेंच्युरी ब्लोअर मिळतात. ते कॉम्प्रेसरची थोडी हवा घेऊन आजूबाजूची बरीच हवा ओढतात. ते पत्र्यासमोर काटकोनात धरू नका. वरची साय आधी सुकते आणि पाणी खाली अडकतं. मीटरभर लांबून, तिरक्या कोनात, वारा बॉनेटवरून सरकत जाईल असा ठेवा. हवा गाळलेली हवी, नाहीतर सगळ्या शेडची धूळ तुमच्या चांदीवर.

वाळलं कधी समजायचं? ओला रंग चमकतो, वाळला की मॅट होतो, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण मॅट दिसणं ही फक्त वरची बातमी आहे. इथे इन्फ्रारेड थर्मामीटर काढा. कोट मारण्याआधी बॉनेटच्या एका जागेचं तापमान लिहून ठेवा. पाणी उडत असताना ती जागा काही अंशांनी गार होते. तापमान परत पहिल्या आकड्यावर आलं आणि तिथेच थांबलं, म्हणजे पाणी गेलं. चांदीच्या थरावर हे यंत्र अचूक आकडा देत नाही, त्यामुळे आकड्याकडे नका बघू, त्याच जागेवरचा फरक बघा. घडी आणि कोपरे सगळ्यात शेवटी वाळतात, म्हणून मोजायचं तेही तिथेच.

पट्टे

चांदी वाळली की पट्ट्यांच्या जागी टेप लावायची. वाळल्यावरही वॉटरबेस काही तास नाजूक असतो. साधी पिवळी टेप लावून ओढलीत तर चांदी टेपला चिकटून येते. म्हणून चांदीवर आधी इंटरकोट क्लिअरचा (दोन थरांमध्ये मारायच्या पारदर्शक थराचा) एक पातळ कोट मारून ती बंद करा. काही कंपन्या बेसकोटमध्ये थोडं हार्डनर घालायची मुभा देतात, तेही चालतं. टेप निळी प्लास्टिकची, फाइनलाइन (बारीक, स्वच्छ कडेसाठीची). कागदी टेपच्या सुरकुत्यांतून रंग आत शिरतो. कड नखाने नाही, मऊ रबरी स्क्वीजीने दाबा. दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढे ग्रिलपाशी आणि मागे काचेपाशी अशा दोन्ही ठिकाणी मोजा, कारण बहुतेक बॉनेटं मागे रुंद होतात आणि डोळा फसतो.

कँडी

कँडीत ओघळ आला की तो गडद रेघ होऊन कायमचा दिसतो, घासून काढायची सोय नाही. खालच्या चांदीपासून पुन्हा. त्यामुळे कोट पातळ, संख्या जास्त. हात तीन चतुर्थांश एकमेकांवर चढवायचा. गन बॉनेटच्या बाहेर सुरू करायची आणि बाहेरच बंद करायची. मनगट फिरवलं की टोकं फिकी आणि मध्य गडद.

आपल्याकडे पेंटर आधी कडा मारून घेतात, मग मैदान. साध्या रंगाला ही सवय चांगली. कँडीत मात्र कडांना दुप्पट रंग मिळतो आणि बॉनेटला काळपट किनार येते. कडेच्या घडीची आतली बाजू वेगळी, आधी, झाकून मारा. वरचा पृष्ठभाग एका सलग हातात घ्या.

एक कोट आडवा, पुढचा उभा, असं केल्याने पट्टे पडत नाहीत. प्रत्येक कोट मॅट झाल्याशिवाय पुढचा नाही. कोट मोजायला मास्किंग पेपरवर मार्करने रेघ ओढत जा. चौथा की पाचवा, यावर नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. आरशांच्या कव्हरांना बॉनेटबरोबर प्रत्येक कोट द्यायचा, एकही जास्त नाही. त्यांचा आकार गोल असल्याने रंग कमी बसल्यासारखा वाटतो आणि हात आपोआप परत फिरतो, तो आवरा. नमुन्याची पट्टी शेजारी धरून बघा. शेड जुळली की थांबा.

शेवटचा कोट मॅट झाल्याबरोबर टेप काढा, टेप स्वतःवरच मागे दुमडून, सावकाश.

क्लिअर

वाट बघण्याची खरी परीक्षा इथे. बेस पूर्ण वाळायच्या आत क्लिअर मारला तर त्यातल्या हार्डनरमधलं आयसोसायनेट अडकलेल्या पाण्याशी प्रतिक्रिया करतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. कधी दुधाळ झाक येते, कधी वर्षभराने क्लिअर पापुद्र्यासारखा सुटतो. बूथमध्ये चांगला वारा असेल तर अर्धा तास पुरतो. शेडमध्ये थर्मामीटर सांगेल तोवर थांबा. मात्र फार लांबवूही नका: बहुतेक पत्रकांत २४ तासांच्या आसपासची मुदत दिलेली असते, त्यानंतर क्लिअर नीट धरत नाही.

क्लिअरआधी चिकट कापड अगदी हलक्या हाताने फिरवा, दाबलं तर चांदी ओढली जाते. टू-के क्लिअरचे दोन भरलेले कोट, मध्ये पत्रकाप्रमाणे थांबून. पट्ट्यांची कड जाणवू नये असं वाटत असेल तर तीन कोट मारा, कडक झाल्यावर ८००ने सपाट करा आणि पुन्हा दोन कोट. अतिनील किरण अडवणारा क्लिअरच घ्या, कँडीचं आयुष्य त्यावर आहे.

रंग पाण्याचा म्हणून मास्क नको, हा गैरसमज महागात पडतो. वॉटरबेसच्या तुषारातही ग्लायकॉल ईथर असतात, त्याला कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. क्लिअरच्या आयसोसायनेटने दमा होऊ शकतो आणि एकदा जडला की बहुतेकदा कायमचा. त्याला बाहेरून हवा देणारा मास्कच खरा. रुमाल बांधून क्लिअर मारणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचा कित्ता गिरवू नका.

हीट (तापवायची सोय) असेल तर पत्रा ६० अंशांवर अर्धा तास. नसेल तर रात्रभर धूळ न येणाऱ्या जागी. धुळीचे दाणे दुसऱ्या दिवसानंतर २००० आणि ३०००च्या पेपरने काढून कंपाऊंड (पॉलिशची पेस्ट) मारा. कडांवर मशीन नको, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो.

गन आणि उरलेला रंग

वॉटरबेसची गन आधी पाण्याने किंवा त्याच्या वॉशने धुवायची. सवयीने थिनर ओतलंत तर रंगाचा चिकट लगदा होऊन वाटा बुजतात. धुऊन हवेने पूर्ण कोरडी करा. शक्य असेल तर क्लिअरची गन वेगळी ठेवा आणि दोघांचं धुवण एकत्र करू नका.

धुवणाचं पाणी गटारात ओतायचं नाही. त्यात रंगद्रव्य आणि रेझिन असतं. साका बसवणारी पावडर बाजारात मिळते: बादलीत टाकून ढवळा, थोड्या वेळाने गोळे बांधून खाली बसतात, वरचं पाणी गाळून पुढच्या धुण्याला वापरा. तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो, तो घंटागाडीत न टाकता प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या कचरा उचलणाऱ्याकडे द्या.

डब्यातला उरलेला रंग ५ ते ३५ अंशांत ठेवावा लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तो नासतो. घरातल्या सावलीच्या कपाटात ठेवा. पातळ केलेला रंग परत डब्यात ओतू नका. प्लास्टिकच्या बाटलीवर शेड, तारीख आणि रिड्युसरचं प्रमाण लिहा, आणि नमुन्याच्या पट्टीमागे चांदीचे कोट किती, कँडीचे किती, नोझल कोणता, दाब किती हे मार्करने नोंदवून पट्टी जपून ठेवा. रिक्षावाल्याने एखादा आरसा उडवला की याच आकड्यांवरून नवं कव्हर मारायचं आहे.